तुलना करा : गुण पंधरा

जिंतूरला, कॉलेजच्या सतरा नंबरच्या खोलीत
खिडक्यांना मंडपवाल्या गफारभाईंचे पडदे लावलेत.
लग्नाचे. मरून, खाली सोनेरी झालर.
तरी उन्हाची एक पट्टी आत येतेच
आणि नायिकेच्या कपाळावर बसते.

बी. ए. तिसरं वर्ष, इंग्रजी ऐच्छिक.
हजेरीपटावर एकवीस, बाकांवर चौदा,
येलदरीकडची एसटी आली तर सोळा.
कादंबरीची प्रत एकच, ग्रंथालयाची, पाठ सुटलेली.
बाकी सगळ्यांकडे गाईड,
चारशे पानांचा ऐवज सव्वा पानात.

मी सांगते : पुस्तकात ती घर सोडते तेव्हा
लेखिका तिला उंबऱ्यात अकरा पानं उभी ठेवते.
नुसती उभी. एक पाय आत.
सिनेमात? बघा आता. नऊ सेकंद.
दार, हात, कडी, रस्ता.
ती अकरा पानं गेली कुठं, एवढाच आपला आजचा तास.

आणि तेवढ्यात स्पीकर गेला.

व्यंकट सोनटक्के वायर हलवत राहिला,
त्याला वायरीतलं कळतं, कादंबरीतलं नाही, असं तोच म्हणतो.
नुसरत उठली.
एकुलती प्रत घेऊन उन्हाच्या पट्टीत जाऊन उभी राहिली
आणि मोठ्यानं वाचायला लागली,
बोरीच्या शाळेतलं इंग्रजी, प्रत्येक शब्दावर पाय देत देत.
पडद्यावरची बाई केव्हाच स्टेशनात पोचली,
नुसरतच्या तोंडात ती अजून उंबऱ्यातच.
पडद्यावर गाडी सुटली,
नुसरतच्या पानात शेगडीवरची किटली, खुंटीवरचा कोट,
कुणीतरी झोपेत कूस बदलल्याचा आवाज.
चौदा माना, एकदा इकडं, एकदा तिकडं.

मागच्या बाकावरून भाग्यश्री :
मॅडम, ही कामून रडायलीय?
पुस्तकात तर रडली नव्हती.

नव्हती, बरोबर.
दिग्दर्शकाला वाटलं असेल,
रडल्याबिगर लोकांना कळायचं नाही.

लोकांना म्हंजे, आमाला का?

फळ्यावर मी सकाळीच लिहून ठेवले होते
माध्यम, निष्ठा, रूपांतर.
अंधारात ते कुणालाच दिसत नव्हते, बरं झालं.

एक गोष्ट मी वर्गात सांगत नाही.
मी सिनेमा आधी पाहिला. औरंगाबादला, एम. ए.ला असताना,
हॉस्टेलच्या टीव्हीवर, मुंग्या मुंग्या आलेला.
नंतर पुस्तक तीनदा वाचलं
पण दर वेळी उंबऱ्यात तीच नटी,
तिचंच नाक, तीच हनुवटी.
लेखिकेनं जी बाई लिहिली होती
तिची नि माझी भेट राहूनच गेली.

म्हणून तास संपल्यावर नुसरतला हळूच विचारलं,
तुला कशी दिसते गं ती?
पुस्तक आधी वाचलेली वर्गात ती एकटीच.
म्हणाली, आमच्या अंगणवाडीच्या बाईंसारखी.
उंच. कानात काही नाही.
इतक्या सहज म्हणाली
की मला तिचा थोडा रागच आला.

मार्चात पेपरांचे गठ्ठे घरी आणले.
प्रश्न चौथा, कादंबरी आणि चित्रपट, तुलना करा.
जिकडं तिकडं गाईडचं सव्वा पान,
एकाच चुकीचं स्पेलिंग नऊ जणांचं.
व्यंकटच्या उत्तरात मात्र
ती स्टेशनवरून परत येते,
गॅसवर दूध राहिलं म्हणून.
बंद करते. झाकण ठेवते, थोडी फट ठेवून.
ओटा पुसते.
आणि पुन्हा जाते.

अकरा पानं परत चाळली. नाही.
रात्री लॅपटॉपवर ते नऊ सेकंद
सहा वेळा मागं नेले. नाही.
नमुना उत्तरात तर याला जागाच नाही.

सहा दिले. खोडले.
अकरा केले, शेजारी सही केली.
मग उठून आत जाऊन बघून आले, गॅस बंद आहे ना.
बंद होता.
दूध तर आज घेतलंच नव्हतं.